निळ्या स्कूटरच्या किल्लीविषयी अंतिम व्यवस्था

मी, अविनाश हिंमतराव चोपडे, वय चोपन्न, व्यवसाय संस्कृत-अध्यापन, राहणार पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना आणि पत्नीच्या मते अकारण, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. येत्या सोमवारी माझ्या हर्नियावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर तिला किरकोळ म्हणतात. परंतु उदर माझे असल्याने मी ती गंभीर मानतो.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी सौ. पूनम हिला. माझी सुभाषितांची वहीही तिलाच. ती जपावी की रद्दीत द्यावी, हा तिचा अनिर्बंध अधिकार. पान्ह्यांचा संच मेकॅनिक अकील यास, कारण ते सर्व पान्हे मूळचे त्याचेच आहेत.

कलम २. ज्येष्ठ बंधू इंद्रभान यांस, आमच्या शेतांच्या सामाईक धुऱ्यावरील, म्हणजे बांधावरील, कडुनिंब नेमका कोणाचा, हा एकोणीस वर्षांचा वाद निष्कंटक मालकीहक्काने देतो. यापुढे माझी बाजूही त्यांनीच मांडावी; तिचे सर्व मुद्दे त्यांना मुखोद्गत आहेत.

कलम ३. माझ्या नावे नोंदलेली निळी स्कूटर. आकाराने लहान, चाके जाड, पोट जमिनीपासून उंच. नांदुऱ्याच्या डांबरी रस्त्यावर आणि शेताच्या पांदणीत समान निष्ठेने चालणारी. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर मी ती धाकटा भाऊ कुलदीप याच्या घरी दिली. तेथे ती कुलदीपपेक्षा त्याच्या पत्नीने, वैष्णवीने, अधिक चालवली. मेथी-वांग्यांचे पोते पायांपाशी ठेवून ती शेतातून निघे आणि आठच्या आत नांदुऱ्याच्या बाजारात पोहोचे.

तीन वर्षांपूर्वी कुलदीप काविळीने गेला. तेरवीच्या जेवणानंतर इंद्रभानदादा सर्वांसमक्ष वैष्णवीला म्हणाले, "आता तू गाडीवर गावभर फिरशीन तं बरं दिसन काय? किल्ली देऊन टाक."

तिने किल्ली दादांना दिली नाही. गाडी माझ्या नावावर, म्हणून माझ्यापुढे ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिली. माझा एक नकार पुरेसा होता. मी स्त्री व वाहन या विषयावर एक सुभाषित म्हटले. मंडळी हसली. किल्ली मी खिशात घातली.

तेव्हापासून स्कूटर माझ्या ओसरीत ताडपत्रीखाली आहे, वैष्णवीची भाजी व्यापारी धुऱ्यावर येऊन स्वतः ठरवलेल्या दराने उचलतो, आणि पूनम माझ्या विनोदांना हसत नाही. दर रविवारी मी गाडी सुरू करतो व बंद करतो. अकील एकदा म्हणाला, "सर, गाडी चालवाले असते. तुम्ही तं तिची आरतीच करून राह्यले."

सबब, ही स्कूटर माझ्या पश्चात वैष्णवीला मिळावी. तिने ती चालवू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. तेव्हाही नव्हता.

वाचनोत्तर नोंद. वरील मजकूर आज संबंधितांना वाचून दाखवला. लाभार्थ्याने साक्षीदार होऊ नये, असा संकेत आहे. परंतु अकीलला त्याचेच पान्हे आणि दादांना केवळ वादच मिळत असल्याने दोघांना साक्षीदार म्हणून बोलावले होते. कलम ३ संपताच दादा उठले.

"लोकं काय म्हनतीन, याचा इचार केला काय बे?"

"दादा, तीन वर्षं त्याचाच तं केला."

ते सही न करता गेले. वैष्णवी दाराशी उभी होती. म्हणाली, "भाऊजी, म्हंजे तुमच्या मरनाची वाट पाहू काय मी? अन् डॉक्टर तं म्हन्ते, तुम्हाले काहीच होत नाही."

या प्रसंगास योग्य असे एक सुभाषित मला आठवले. ते म्हटले नाही. किल्ली आणून तिच्या हाती दिली आणि मालकी-हस्तांतरणाच्या अर्जावर सही केली.

"पेट्रोल हाये काय त्याच्यात?" तिने विचारले.

"नांदुऱ्यापर्यंत पुरते," पूनम आतून म्हणाली. ते कधी भरले, हे मला ज्ञात नाही.

सबब कलम ३ रद्द समजावे. स्कूटर या मृत्युपत्रात उरली नसल्याने वैष्णवी लाभार्थी नाही, आणि दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी आहे. ती तिने घ्यावी, अशी मी विनंती केली. गाडी चालवून पाहिल्याशिवाय सही करणार नाही, असे ती म्हणाली. अट रास्त असल्याने आम्ही सर्व ओसरीत बसून राहिलो.

स्थळ: पिंपळगाव राजा
दिनांक: ११ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार: अविनाश हिंमतराव चोपडे (सही)

साक्षीदार:
१. शेख अकील शेख गुलाम रसूल, मेकॅनिक (सही)
२. वैष्णवी कुलदीप चोपडे, शेती व भाजीविक्री (सही, चाळीस मिनिटांनंतर)