फाटकापर्यंत येणारी गाडी

प्रिय एन्योनाम दावी, माझ्या ताई,

तू पाठवलेली वांगी पोचली. धाकट्या बहिणीला सगळं कळवतेस, फक्त डायलिसिसचं काय ठरवलंस ते सोडून. डॉक्टर म्हणतात, आता फार लांबवता येणार नाही. त्या दिवशी ट्रोट्रो गाडीने तुला तिठ्यावर उतरवलं, हॉस्पिटलचा चढ चढवेना, आणि अर्ध्या वाटेतून माघारी गेलीस. म्हणालीस, "यंत्राला घाबरत नाही मी, पण तिथवर फरपटत जाणार नाही. आणि तुझ्या घरी पाहुणी म्हणून पडूनही राहणार नाही." तेव्हापासून मी त्या चढाचाच विचार करत होते.

रोग्यांसाठी गाड्या फाटकापर्यंत आणायचं काम हॉस्पिटलने माझ्याकडेच दिलं होतं. आम्ही फाटकाशी झकास थांबा बांधला. छप्पर, बाकं, सगळं. एकही गाडी वर येईना. ड्रायव्हर संघाचे अध्यक्ष आग्बेको हसले. "मॅडम, छप्पर बघून गाडी भरते होय? भरल्याशिवाय आमची गाडी हलत नाही. परतीला कोण बसणार, तुमचे डॉक्टर?" मग मी म्हटलं, तिठ्यावरचा अड्डाच वर आणा. गावाकडच्या गाड्या तिथे संपतील, शहराच्या तिथून सुटतील. माणसं तिथेच गाडी बदलतील. ते कबूल झाले, पण म्हणाले, "तिठ्यावरची झिग्बोर्दी मावशी आली तरच. तिच्या मक्याच्या उकडलेल्या केंकेशिवाय माझे ड्रायव्हर नंबर लावायचे नाहीत."

मावशी कसली ऐकते! "माझी गिऱ्हाइकं भुकेली असतात गं, आजारी नाही." तरी एकदा टोपली घेऊन बघायला आली. नर्सांची ड्यूटी सुटली आणि तळलेल्या मासळीसकट टोपली रिकामी. दुसऱ्या दिवशी आमची बाकं सरकवून तिने चूल मांडली आणि तिच्यामागे गाड्याही वर आल्या. संचालक ओरडत आले, "हे हॉस्पिटल आहे की बाजार?" मावशीने पुढ्यात केंके ठेवला. "आधी खाऊन घ्या, मग रागवा." ते खाली बसले. रागवायचं राहूनच गेलं.

परवा मी तुमच्या गावच्या गाडीत बसून स्वतः फाटकापर्यंत आले. तुझ्या दारावरून गेले; तू शेळ्यांना चारा घालत होतीस. उतरले असते तर भांडलो असतो, म्हणून हे पत्र. फाटकापासून आतवर सपाट आहे. सकाळी निघालीस तर दिवस मावळायच्या आत परत तुझ्या घरी. माझ्याकडे राहायला मी बोलावत नाही. डॉक्टरांनी पहिल्या डायलिसिसला येता गुरुवार तुझ्यासाठी धरून ठेवलाय आणि ड्रायव्हर सेलोर्मने पुढची सीट. दारात उभी राहा, तो थांबेल. नाही दिसलीस तर सगळं गाव जागं होईपर्यंत हॉर्न वाजवेल. मीच तसं सांगितलंय.

तुझीच,
काफुई