नाना, तुमचं मत त्यांनीच टाकलं

ती. नानांस,

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले आणि तुम्ही निवडणुकीच्या प्रचाराला लागलात! ज्या इथल्या हिंदी पेपरात जन्मभर बातम्या तपासल्यात, त्याच्याच पहिल्या पानावर. मथळा असा: ‘बाबूजी का आशीर्वाद नेताजी के साथ’. खाली तुमचा फोटो, त्याला हार घालणारे उमेदवार, आणि शेजारी हात जोडून मी. म्हणून लिहितेय. तुमच्याशिवाय कोणापुढे इतकं चिडू?

तेराव्याला गुरुजी नुकते पानावर बसले होते, तेवढ्यात नेताजी आले. मागे कॅमेरे. मला वाटलं, भेटायला आलेत. तुमच्या पेपरच्या वार्ताहराने माइक पुढे केला. “दीदी, बाबूजी होते तो नेताजी को आशीर्वाद देते न?” दारात आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, “बाबूजी तो सबको आशीर्वाद देते थे. जो हारनेवाला हो, उसको भी.”

छापलं काय? ‘बेटी ने कहा, बाबूजी आशीर्वाद देते.’ बाकीचं वाक्य कापलं. हरणारे गेले, सगळे गेले, उरले एकटे नेताजी.

पाहुण्यांसमोर आवाज चढवायचा नाही, हे शाळेत सिस्टर्सनी शिकवलं आणि घरी तुम्ही. किती छान शिकले मी! फोटोत बघा, कशी नम्र उभी आहे.

तुम्ही कोणाला मत देता हे आईलाही कधी कळलं नाही. ती चिडवायची, “मला तरी सांगा, मी काय पेपरात छापणार आहे?” तुम्ही हसून चष्मा पुसत बसायचात. आणि परवा दूधवाले यादवजी म्हणाले, “बाबूजी कह गए हैं, तो हमारे घर के छहों वोट उन्हीं को.” मी खूप सांगितलं. ते म्हणाले, “अखबार में तो छपा है, दीदी.” नाना, यादवजी तुमच्यामुळे पेपरवर विश्वास ठेवायला शिकले होते!

मग मी कार्यालयात गेले. तुमच्या हाताखाली शिकलेला बिनोद आता संपादक आहे. पाया पडला. “बैठिए दीदी, चाय मँगवाते हैं.”

“चाय नहीं, भूल-सुधार. पहले पन्ने पर.”

“छाप देंगे न. चुनाव के बाद. अंदर, तीन लाइन में.”

“तब तक तो वोट पड़ जाएँगे.”

तो टेबलाकडे बघत राहिला. “दीदी, सरकारी विज्ञापन उनके एक फोन पर बंद हो जाता है. आधा स्टाफ घर बैठेगा. और बाबूजी का इसमें अब क्या बिगड़ता है?”

काय बिगडतं! त्याला तुमची रीत माहीत नाही का? चूक ज्या जागी छापली, सुधार त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात. मुन्शी घाटाकडचे ते नगरसेवक तुम्हाला डोळ्यांसमोर नको असायचे. ते सभेला गैरहजर होते असं तुम्ही छापलंत, आणि ते मागच्या रांगेत बसलेले निघाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात माफी. आई म्हणाली, “एवढं मोठं कशाला?” तुम्ही म्हणालात, “चूक तेवढीच मोठी होती.” हे बिनोद आमच्याच स्वयंपाकघरात बसून ऐकत होता. माझ्या हातची पोळी खात!

पण खरं सांगू? तो मान खाली घालून बसला, तेव्हा मला तुम्ही दिसलात. माझ्या लग्नाच्या वर्षी रामनगरच्या विणकरांची बातमी मालकांनी अडवली. मंत्र्यांचं नाव होतं तिच्यात. तुम्ही राजीनामा लिहिलात आणि दिला नाहीत. घरात लग्न होतं, मला कळतं. तरी आज विचारते: मला का नाही विचारलंत? मी लग्न साधंच केलं असतं. बिनोदला तुम्ही मथळे शिकवलेत, आणि गप्प बसायचं कसं तेही. याचा राग येतो, नाना. तुमचा येतो.

घरी नातू तुमचा म्हणतो, “आई, जाऊ दे ना, फालतू में पंगा कशाला? लोक दोन दिवसांत भूल जातील.” भूल जातील, पण मत देऊन झाल्यावर!

काल दुपारी कार्यालयाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले. वॉचमन म्हणाला, “माताजी, अंदर बैठिए, धूप है.” नाही गेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला पूर्ण वाक्य सांगत राहिले. बरेच जण हसून पुढे गेले. संध्याकाळी छपाईतले रामजी काका बाहेर आले. त्यांनी विचारलं, “पूरा क्या बोली थीं, बिटिया?” मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं, ओठांनी पाठ केलं आणि आत गेले. आज पेपरात काही आलं नाही.

मतदानाला पाच दिवस आहेत. पाचही दिवस मी तिथे बसेन. बिनोद चहा पाठवेल, तो घेणार नाही. पुन्हा कोणी माइक धरला तर आधी म्हणेन, “पूरा छापोगे?” आणि मतदानाच्या दिवशी यादवजींच्या दारात सकाळीच उभी राहीन. मत त्यांनी हवं त्याला द्यावं. तुमच्या नावाने देऊ देणार नाही.

तुमची,
सुमी