तलावाचे मासे बारीकच आहेत

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार कागदावरच घालते, कारण पंधरा दिवस टबांवर वाकून मासे मोजल्यामुळे कंबर धरली आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का?

तुम्ही आईला फोनवर विचारलंत म्हणे, पोरगी साहेबांशी भांडली का? भांडले. पुन्हा भांडेन.

झालं असं की आमच्या मत्स्य कार्यालयाने मला एकाच जातीचे मासे तलावातून आणि नदीतून धरून त्यांची तुलना करायला सांगितली. खवल्यांवरच्या वलयांवरून वय काढायचं, मग लांबीच्या मानाने वजन पाहायचं, म्हणजे मासा अंगाने भरलाय की नुसताच वाढलाय ते समजतं. (तुमचे डॉक्टर तुमच्या बाबतीत हेच करतात, फक्त मासे वाद घालत नाहीत.) तीन-तीन वर्षांचे मासे घेतले. तलावातले लांब पण काटकुळे, नदीतले गुटगुटीत. आता तलावात खाद्य घालायची योजना साहेबांची, आणि ती पाहायला वरून पाहुणे येणार! साहेब म्हणाले, "बाई, आकडे जरा गोल करा." मी म्हटलं, "मासे गोल झाले की करते."

मग ते स्वतः तलावावर आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जाळ्याशी बसले आणि निवडून निवडून दहा जाड मासे काढले. दहाही माद्या, पोटं अंड्यांनी फुगलेली. "साहेब, ही तब्येत नाही, बाळंतपण आहे," असं मी शिपायासमोर म्हणाले, तेवढं बहुतेक चुकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच लिहिलेला अहवाल आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी पेनला टोपण लावून परत दिलं. बदली करीन म्हणाले. म्हटलं, करा, तिथेही वजनकाटा असेलच.

तेव्हा आईला सांगा, मी माफी मागणार नाही.

आपली हट्टी भाची

ता. क. मामींना खोकल्यासाठी थंड पाणी बंद करायला सांगा.

ता. क. दुसरा, आईला दाखवू नका. मासा तडफडू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून तोलतात. काटा मी ऑफिसच्या पातळ फडक्यावर शून्याला आणला होता. नदीवर मात्र घरचा जाड टॉवेल वापरला, हे काल कपडे वाळत घालताना ध्यानात आलं. म्हणजे टॉवेलचं जास्तीचं वजन नदीच्या माशांच्या नावावर चढलं, आणि ओला टॉवेल दर वेळी कमीजास्त पाणी धरतो, म्हणून एकशे नव्वद मासे पुन्हा तोलायचे आहेत. उद्या साहेबांना हे मीच सांगणार आहे, मान खाली न घालता. पण त्यानंतर ऑफिसातलं कोणी माझ्याबरोबर नदीवर येईलसं वाटत नाही. बुधवारच्या बसने याल का, आकडे लिहायला? टॉवेल वजा करूनही नदीचे मासे जाड निघाले, तर साहेबांचं तोंड बघायला तुम्ही हवेत. बारीक निघाले, तर माझं.