चुन्याच्या पट्ट्याशी

अण्णा,

कोलशेतच्या मिठागराकडे जाणारा बांध अजून तसाच अरुंद आहे. एका वेळी एकच गाडी जाते. तुम्ही सडकेचे ओव्हरसीयर होतात तेव्हा बांधाच्या तोंडाशी चुन्याचा आडवा पट्टा मारून घेतला होता. ठाण्याकडून रिकामी जाणारी गाडी पट्ट्याशी थांबणार, गाडीवान "या" म्हणून हाक देणार, मीठ भरून येणाऱ्याला वाट मिळणार. समोर कोणी नसलं तरी थांबायचं. एक गाडीवान तुम्हाला चिडवायचा, "अन्ना, येनार कोन तेवरा सांगा, नाव घेऊन बोलावतो." तुम्ही हसत नसा. "जो येईल तो," एवढंच म्हणायचात.

कॉलेजच्या सुट्टीत मी तुमची सायकल घेतली आणि न थांबता पट्टा ओलांडला. तुम्ही मला मागे बोलावता. "बांध मोकळा आहे, अण्णा." "ते तू ठरवायचं नाहीस. पट्टा दिसला ना? मग थांबायचं." मी उतरते, मागे येते, घुश्शातच "या" म्हणते. शेजारी उभ्या गाडीचे दोन्ही बैल तेव्हा माना वळवतात. समोरून बाजूला, बाजूकडून मागे, सावकाश, दोघे एकदम. कोणी चालत जाताना पाहावं तसे. सडकेवर कोणी नाही. तो चिडवणारा गाडीवान खाली बघत राहतो. तुम्ही म्हणता, "आता जा."

त्याच वर्षी तुम्ही अंथरुणाला खिळलात. शेवटच्या संध्याकाळी माझ्याकडे बघून "येतो" म्हणालात. निघणाऱ्याला आपण "या" म्हणतो. मी म्हटलं नाही, औषधाचा पेला पुढे केला.

गेल्या आठवड्यात बैलगाडीने कोलशेतची शाळा तपासायला निघाले होते. पट्टा केव्हाच पुसला गेला आहे. तरी बांधाच्या तोंडाशी बैल थांबले, आणि ओल्या चुन्याचा वास आला. गाडीवान वळून म्हणाला, "बाई, या बोला. तवर बैल हलाचे नाय." "तूच म्हण." "मी कवाच बोललो. माज्यानं नाय जमत." बैलांच्या माना आता मागे वळून तिथेच थांबल्या होत्या. माझ्या बाजूला, चाकाजवळ एका जागी नजर लावून दोघे उभे होते.

मी गाडी मागे फिरवायला लावली. शाळेला प्रकृतीचं कारण कळवलं.

हे पत्र टपालात पडणार नाही. शाळा तपासताना नियम मोडणाऱ्या मुलींना मी उभं करते, आणि तुमचा एवढा साधा नियम मोडून आले. "या" म्हटलं असतं, तर तुम्ही निघून गेला असता.