गोविंदची भूक माझ्या केसपेपरवर

बडोदे, २० ऑगस्ट १९९६

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या निरुपमाचा नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि डभोईचे रस्ते यांत सुधारणा असावी.

या दवाखान्यात मी माझ्या पायांनी आले, हे आधी सांगते. तुमचे चिरंजीव गोविंद घरी काही वेगळं सांगत असतील. शाळेतून निवृत्त झाल्यापासून झोप नाही, अन्न जात नाही, वाडीतल्या खोलीत दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं. शेवटी मीच गोविंदला म्हटलं, मनाच्या डॉक्टरांकडे ने. त्याने स्कूटर काढली. एवढं श्रेय त्याचं.

डॉक्टर सज्जन आहेत, पण माझ्याकडे बघायचं तर त्यांना मान वळवावी लागली असती. म्हणून त्यांनी गोविंदला विचारलं, भूक कशी आहे? तो म्हणाला, छान. (ती त्याची होती.) झोप? पडल्या पडल्या लागते. (तीही त्याचीच.) गोविंदची ठणठणीत प्रकृती माझ्या केसपेपरवर उतरली. मग मी विचारलं, इतकं सगळं छान असेल तर औषध कशाचं देणार? डॉक्टर दचकले. त्या खुर्चीतून आवाज येईल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. पण त्यांनी सगळं खोडून पुन्हा लिहिलं, या वेळी मला विचारून, आणि आपणहून दाखल होत असल्याची सही मी केली.

आत गेल्यावर सिस्टरनी चष्मा काढून घेतला (काच असते म्हणून). समोर भिंतीवर पेशंटच्या हक्कांची पाटी आहे. ती वाचायला चष्मा लागतो. दोन दिवस माझे हक्क निळ्या रंगात आहेत एवढंच मला कळत होतं. डॉक्टरांकडे तक्रार केली, चष्मा आला. पाटीत शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत, पण एक वाक्य निर्दोष आहे: आपणहून आलेल्या पेशंटने लेखी मागितलं तर चोवीस तासांत घरी सोडावं.

शेजारच्या खाटेवर बाजवा गावची संयोगिता होती. बाळंतपणानंतर रडू थांबेना म्हणून तीही आपणहून आली. आता बरी होती, डॉक्टरही तसंच म्हणत. बाळ सासरी. नऊ दिवस ती रोज विचारायची, घरी जाऊ? आणि सिस्टर रोज गोड आवाजात सांगायच्या, "बेन, मिस्टरने पूछवु पडे," म्हणजे नवऱ्याला विचारावं लागेल. मिस्टरांचं म्हणणं, घराला रंग दिलाय, तो वाळू दे.

मी तिला अर्ज लिहायला लावला. मजकूर तिचा, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, यावर मिस्टरांची सही नाही. मी विचारलं, ते इथे दाखल आहेत का? त्यांनी प्रामाणिकपणे रजिस्टर पाहिलं. नव्हते. मग शिक्का मारला आणि वेळ घातली, दहा वाजून दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मिस्टर आले, कोपराला पिवळा रंग, खांद्यावर बाळ. संयोगिताने बाळ घेतलं. त्याने तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं पाहिलं आणि भोकाड पसरलं. ती पांढरीफटक पडून माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "रडू दे गं, त्याला अजून अर्ज लिहिता येत नाही." ती हसली. बराच वेळ ती व्हरांड्यात त्याला घेऊन फिरत होती. बाळ गप्प झालं तेव्हाच ती रिक्षात बसली. मिस्टर तोवर पिशवी धरून उभे होते.

तेव्हापासून दुपारी माझ्या खाटेशी रांग असते. कालचा अर्ज डाळीतल्या पाण्याबद्दल होता.

तुमची,
निरुपमा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी मोठ्या सिस्टरना वाचायचं होतं. पेशंटची पत्रं कोणी वाचू नयेत, या पाटीवरच्या ओळीकडे मी बोट दाखवलं. त्यांनी विचारलं, माझ्याबद्दल काही आहे का? मी नाही म्हटलं.

आणखी एक. मला न्यायला गोविंदला पाठवू नका. माझा स्वतःचा अर्ज मी अजून लिहिलेला नाही. इथे झोप लागू लागली आहे.

आणि ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. वहिनी रविवारी भेटायला आल्या होत्या. तुम्ही दोन महिने बियाण्यांचं दुकान उघडलेलं नाही आणि पाटावर बसून नुसता भात चिवडता, असं म्हणाल्या. दादा, तुम्हाला कसं वाटतंय? तुमच्याच अक्षरात कळवा. दोन ओळी पुरतील.