पायलनं सांगितलेला अपघात

पायलच्या पप्पा,

आज शाळा सुटल्यावर बाईंचा फोन आला, की मोताळ्याच्या रस्त्यावर तुमचा अपघात झालाय. मी मशीनवरचं शिवण तसंच टाकलं आणि अनवाणी शाळेत पळाले. पायल पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन शांत बसली होती. बाईंना अपघाताचं तिनंच सांगितलं होतं, आणि मी खोदून विचारल्यावर तसं काही झालं नाही म्हणाली.

मी ओरडले, "काऊन खोटं बोलली वं?"

ती म्हणाली, "पप्पा उशिरा आले की बाई त्याहिले बोलतात. गाडी पंक्चर झाली म्हनलं तरी बोलतात. अपघात म्हनलं तर नाही बोलत."

सहा वर्षांची पोर आहे ती.

मग तुम्ही आलात. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता आणि चौकातल्या गप्पांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं. "झाला थोडा उशीर," म्हणालात. पायल धावत आली आणि तुमचे हात, कोपर, गुडघे चाचपून पाहू लागली. वाट पाहता पाहता तिला स्वतःचंच खोटं खरं वाटायला लागलं होतं. तुम्हाला वाटलं, पोरगी लाडात आलीये.

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही. वाचलंत तर तिला उचलून घ्याल, आता रोज वेळेवर येतो म्हणाल, आणि ती पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवेल. उद्यापासून तिला आणायला मीच जाईन. तुम्ही चौकात निवांत बसा.

सारिका