कालचेच कागद

बाबा शिक्का सोडेनात, प्रिय दादा. एका बाजूने शिपाईकाका, दुसऱ्या बाजूने मी, आणि मध्ये बाबांची घट्ट मूठ. ऑफिस सुटलं होतं, खिडक्या लावून झाल्या होत्या. "साहेब, उद्या तुमच्याच हातात द्यायचाय की," शिपाईकाका म्हणाले. "उद्याचं उद्या," बाबा म्हणाले. "शिक्का ज्याचा, जबाबदारी त्याची." शेवटी हेडक्लार्कबाई आल्या आणि हळूच म्हणाल्या, "राहू द्या त्यांच्याकडे." बाबांनी शिक्का रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. माझा तिथला तो शेवटचा दिवस होता.

सुट्टीत सरकारी ऑफिसात मदतनीस म्हणून लागतेय, अनुभव मिळेल, असं मी तुला सांगितलं होतं. तो मिळालाच. आवक विभागात टपाल फोडायचं, पिना काढायच्या, क्रमांक टाकायचा. पण अर्ज केला तो बाबांसाठी. आपण निवृत्त झालो हे ते विसरले, ऑफिसचा रस्ता मात्र विसरले नाहीत. आई गेल्यापासून त्यांना अडवणारंही कोणी नाही. सकाळी भांग पाडून निघायचे. कधी पोचायचे, कधी भलत्याच थांब्यावर उतरून उभे राहायचे. एकदा ऑफिसच्या रखवालदाराने त्यांना घरी आणून सोडलं आणि हसत म्हणाला, "ताई, हे काही ऐकायचे नाहीत. त्यापेक्षा तुम्हीच यांच्याबरोबर नोकरीला या." मी ते मनावर घेतलं.

हेडक्लार्कबाई बाबांच्या हाताखाली तयार झालेल्या. बाबांनी आपल्याला किती रडवलंय ते त्या कौतुकाने सांगतात. त्यांनी माझ्या टेबलाला लागून बाबांचं टेबल लावलं. रद्दीत जायच्या कागदांचा एक गठ्ठा आणि एक बाद झालेला शिक्का समोर ठेवला. बाबा प्रत्येक कागद वाचायचे, हाताने सपाट करायचे, मग उजव्या कोपऱ्यात शिक्का मारायचे. संध्याकाळी शिपाईकाका गठ्ठा उचलून न्यायचे आणि सकाळी तोच परत आणायचे. "आज फार टपाल आहे हो साहेब," असं वर कुरकुरत. उजवा कोपरा भरला तेव्हा बाबा डाव्या कोपऱ्याकडे वळले. त्याचंही कोणाला काही वाटलं नाही.

घरी मी त्यांची ठकी. ऑफिसचा जिना चढलो की 'नवीन बाई'. "अहो नवीन बाई, पिना तोंडात धरू नका, एखादी गिळाल आणि मला अहवाल लिहावा लागेल." सगळे हसले, मीही हसले. डबा खाताना त्यांनी टायपिस्टला सांगितलं, "मुलगी हुशार आहे. घरी कोण कोण असतं, विचारायला हवं." मी त्यांच्याच डब्यातली पोळी मोडत होते.

मग गेल्या आठवड्यात ते माझ्याकडे झुकले. "नवीन बाई, एक सांगू? हे कागद कालचेच आहेत. परवाही हेच होते." माझा हात पाकिटातच राहिला. "कुठे बोलू नका," ते म्हणाले. "ऑफिसला काम उरलेलं नाही. बाईंना ते कबूल करणं जड जातंय. शिपाई बिचारा रोज तेच ओझं वाहतो. आपण शिक्के मारत राहू. तेवढाच त्यांना आधार." आणि त्यांनी पुढचा कागद ओढला. तो आधीच दोन्ही कोपऱ्यांत काळा झाला होता. त्यांनी खाली मोकळी जागा शोधली.

दादा, आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की आम्ही त्यांना सांभाळतोय.

तू फोनवर एकच विचारतोस, हो की नाही. बाबा पलीकडच्या खोलीत असतात, मला बोलता येत नाही, आणि तू चिडतोस. म्हणून लिहायला बसले. माझं कॉलेज सुरू होतंय. ऑफिसात त्यांच्या शेजारी बसायला आता कोणी नाही आणि त्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप घालणं माझ्याच्याने होणार नाही. तू पाहिलेल्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी खोली घे. यावरून मी तुझ्याशी भांडले होते, आता भांडत नाही. फक्त तिथल्या लोकांना सांग, खिडकीशी एक टेबल हवं आणि सरळ पाठीची खुर्ची. रोज सकाळी कोणीतरी समोर कागद आणून ठेवायला हवेत. कालचे चालतील. आणि त्यांना पोचवायला तू ये. मी एकटी त्यांचा हात धरून तिथे जाऊ शकणार नाही.

तुझीच, आणि घरात असेपर्यंत बाबांचीही,
ठकी

सकाळी. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून एवढं लिहिते. बाबा माझ्याआधी तयार होऊन दारात बसले होते. पायात बूट, खिशात शिक्का. मी म्हटलं, बाबा, आज सुट्टी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग नवीन बाई, तुम्ही कशाला आलात?" म्हणाले, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.